बॉनेटला भोक

सीट

आई आली ती सीटवर बसूनच.

धाकट्याच्या बेकरीचा टेम्पो गाळ्यासमोर उभा राहिला, मागचं फाळकं धाडकन खाली आलं, आणि आत पावांच्या रिकाम्या क्रेटांच्या मधोमध, जीपच्या सीटवर, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून आई. तिला पुढे बसवायचे सगळे प्रयत्न घरीच संपले होते. सीट मागे जाणार असेल तर मीही मागे जाणार, एवढंच तिचं म्हणणं.

"आई, अहो वाटेत मोठा खड्डा लागला असता म्हणजे?" दाजी पुढे धावले.

"लागले की. ही सीट खड्ड्यांवरच म्हातारी झाली, जावईबापू. तिला सवय आहे, मलाही आहे. हात द्या."

जावईबापू हा शब्द आईनं सोडला नव्हता. कोर्टानं जे सोडवायचं ते रीतसर सोडवून दिलं होतं, पण सासूच्या तोंडातून शब्द सोडवून घ्यायची सोय कुठल्याच कोर्टात नसते. बाकीचेही त्यांना दाजीच म्हणत. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. बहीण, म्हणजे मधली, जागेवर होती, नवरेपण गेलं होतं, आणि नाव मात्र मागे राहिलं होतं. बिऱ्हाड हललं तरी दारावर जुनी पाटी राहावी तसं.

"दाजी, आधी कुणाला उतरवायचं?" धाकटा म्हणाला. "आईला की सीटला?"

"आईंना. सीट मी घेतो."

"तिच्यात हात घालू नका हं," आई खाली उतरता उतरता म्हणाली. "डावीकडे खोलगट आहे ते मुद्दाम आहे. स्पंज-बिंज बदलायचा नाही. तो खड्डा माझा आहे."

दाजींनी नवा स्पंज आणून ठेवला होता. त्यांनी तो पायानं हळूच टेबलाखाली सारला.

गाळा तसा लांबोडका. एका भिंतीला लिफ्टच्या जुन्या बटणांच्या पाट्या टांगलेल्या, कोपऱ्यात बिडाची वजनं, वर तुळईला कप्प्या. आणि मध्ये जीप. ओल्या शेवाळाच्या रंगाची, चार नव्या टायरांवर उभी. पुढे तोंड उघडं, इंजिन दिसतंय. काच नाही, हॉर्न नाही, शेजारची सीट नाही. दात काढून ठेवलेल्या माणसासारखी.

एकट्याला उचलेल तेवढं

भांड्यांची, कपाटांची, जमिनीच्या तुकड्याची वाटणी सगळेच करतात. या घरात गाडीची झाली होती.

बाबा रस्त्यांची आखणी करायचे. जिथं रस्ता नसेल तिथं आधी ही जीप जायची आणि मागून रस्ता यायचा. बाबा गेले, जीप अंगणात उभी राहिली, खाली गवत वाढलं, वर पाखरांनी आपली कामं केली. विकायचं कुणाच्या तोंडी येईना आणि ठेवायला कुणाला जमेना. तेव्हा आईनं पायरीवर उभं राहून नियम सांगितला: ज्याला एकट्याला जेवढं उचलून फाटकाबाहेर नेता येईल, तेवढं त्याचं. कुणी कुणाला हात लावायचा नाही.

थोरल्यानं बॉनेट उचललं आणि फाटकापर्यंत जाताना तोंड जांभळं करून घेतलं. मधलीनं समोरची काच चौकटीसकट डोक्यावर धरली. धाकट्यानं सगळं नीट पाहिलं, विचार केला आणि हॉर्न घेतला. आईनं तिची नेहमीची सीट ओढत नेली. आईला ओढायची सवलत होती, कारण नियम तिचाच होता.

उरला तो सांगाडा, इंजिन आणि हवा गेलेली चाकं. भंगारवाल्याला बोलवायचं ठरत होतं. तेवढ्यात दाजी कामावरून चेन-कप्पी आणि लोखंडी तिपाई घेऊन आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काही न बोलता साखळी ओढत बसले. हातभर साखळी ओढली की बोटभर जीप वर. सगळे जेवून आले, वामकुक्षी करून आले, आणि जीप तोवर ट्रकमध्ये.

"हे चालणार नाही, यंत्र वापरलं," थोरला म्हणाला होता.

"एकटेच होते ना?" आई म्हणाली. "मग झालं."

तेव्हा ते खरेखुरे दाजी होते. पुढे ते राहिलं नाही, ती हकिकत आता जुनी झाली. सांगाडा मात्र या गाळ्यात ताडपत्रीखाली पडून राहिला. जन्म वर-खाली करण्यात गेला, पुढे जायचं राहूनच गेलं, असं मधली एकदा त्यांना म्हणाली होती. टोमणा होता. निवृत्त झाल्यावर दाजींना तो टोमणा कमी आणि सूचना जास्त वाटायला लागला, आणि एका सकाळी त्यांनी ताडपत्री ओढली.

काच

मधली आपल्या रोपवाटिकेच्या गाडीतून आली. काच तिनं जुन्या गोणपाटात गुंडाळली होती. वाटणीनंतर इतकी वर्षं ती काच कोवळ्या रोपांवर आडवी ठेवलेली होती. खाली ऊब, वर ऊन.

"पुसली नाहीये," ती म्हणाली. "पाण्याचे पांढरे डाग आहेत. घासले, जात नाहीत."

"जातील. माझ्याकडे औषध आहे."

"तुमच्याकडे असणारच."

दाजींनी काच उन्हात धरली. डागांचे गोल एकात एक अडकलेले. चौकटीच्या खोबणीत माती, आणि मातीत चक्क एक हिरवं पान डोकं वर काढून.

"हे काय आहे?"

"टोमॅटो असेल. काढून टाका."

दाजींनी ते बोटानं सोडवलं आणि फेकायच्या ऐवजी ग्रीसच्या रिकाम्या डबीत माती घालून खोचलं. मधलीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून आईकडे गेली.

हॉर्न

"उद्यापासून लोकांना कळणार कसं, पाव निघाले ते?" धाकटा हॉर्न छातीशी धरून म्हणाला. बेकरीच्या दारावर तो हॉर्न इतकी वर्षं वाजला होता की आसपासची कुत्रीसुद्धा त्यावर घड्याळ लावत.

"वासानं कळेल," मधली म्हणाली.

"वासानं! वास काय, रोज येतो. हॉर्न वाजला की माणूस धावत येतो."

"मग ने परत घरी. कुणी मागितला?"

"मागितला की दाजींनी."

"मी मागितला नाही," दाजी म्हणाले. "बसवायची जागा ठेवलीय, एवढंच म्हणालो."

धाकट्यानं त्या जागेकडे पाहिलं. दोन भोकं, दोन नवे बोल्ट, वायरची दोन टोकं सोलून तयार. अशी जागा पाहिली की माणसाचा धीर सुटतो. त्यानं हॉर्न पुढे केला.

आता एकच गोष्ट यायची होती. बॉनेट. आणि बॉनेटबरोबर थोरला.

खालून

दाजी जीपखाली होते. सायलेन्सरची पट्टी थोडी सैल वाटत होती म्हणून पाठीवर सरपटत आत गेले होते. बाहेर मोटारीचं दार लागलं, आणि खालच्या फटीतून काळे चकचकीत बूट दिसले. थोरला. दातांचा डॉक्टर; बूटसुद्धा दातांसारखे घासलेले. त्याच्या मागे टाचेचे सँडल, म्हणजे वहिनी. पीठ लागलेली चप्पल, म्हणजे धाकटा. आणि थोड्या अंतरावर मातीनं माखलेले कॅनव्हासचे बूट.

"दाजी कुठंयत?"

"होते आत्ता. चहा सांगायला गेले असतील."

"बरं झालं. ऐक. बॉनेट आणलंय मी. पण आज गाडी चालू झाली की ती आमच्याकडे येणार. पोर्चमध्ये जागा करून ठेवलीय."

"त्यांना विचारलंस, दादा?"

"फोनवर म्हणालो होतो. काही बोलले नाहीत. म्हणजे हो."

दाजी खरंच काही बोलले नव्हते. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीनं लावून घेत, आणि दाजी तो दुरुस्त करायला जात नसत. यंत्रं सोडून बाकी काही दुरुस्त करायची त्यांना सवय नव्हती.

"अरे पण राबलेत किती ते," चप्पल म्हणाली.

"राबलेत! कोण नाही म्हणतंय? हातात कला आहे. पण गाडी चालवता येते का त्यांना? सांग ना. ज्याला गाडी येत नाही त्यानं जीप ठेवून करायचं काय, बघत बसायचं?"

"तेही आहेच म्हणा."

"आणि दुसरं. हे बघा, कुणी वाईट वाटून घेऊ नका. माणूस लाखात एक. पण आता ते आपले कोण?"

पीठ लागलेली चप्पल अर्धी पायातून निघाली आणि परत आत गेली. कॅनव्हासचे बूट हलले नाहीत.

"पोर्चमध्ये ही?" सँडल म्हणाले. "मग माझी गाडी?"

"तुझी बाहेर लाव."

"बाहेर. झाडाखाली. पाखरांच्या खाली."

"बाबांची गाडी आहे ती."

"बाबांच्या गाडीला सावली आणि मला ऊन. असू दे, असू दे. लक्षात ठेवते."

दाजींच्या हातातून पाना मघाशीच निसटला होता. तो जीपच्या कडेला, उजेडात पडला होता. हात बाहेर काढला तर सगळ्यांना कळणार. आत राहावं तर पट्टी अर्धवट. छातीवर दोन्ही हात ठेवून ते पडून राहिले. वर इंजिनाच्या पोटातून तेलाचा एक थेंब बराच विचार करून त्यांच्या कपाळावर पडला.

मग कॅनव्हासचा एक बूट पुढे आला. त्याच्या टोकानं पान्याला हळूच ढकललं, आणि पाना सरकत आत, दाजींच्या बोटांशी आला.

वरून

मधलीला बोटं दिसली होती. बाकीच्यांना नाही, कारण बाकीचे जीपकडे बघत होते आणि ती जमिनीकडे. रोपांच्या माणसाची नजर खालीच असते.

ती खोकू शकली असती. दादा, ते इथंच आहेत, असं म्हणू शकली असती. म्हणाली नाही. ऐकू दे, असं तिला वाटलं. एकदा पुरतं ऐकू दे. या माणसानं आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. घर विकताना म्हणाला, घ्या. कपाटं वाटताना म्हणाला, घ्या. मी जाते म्हटलं तेव्हा म्हणाला, बरं. तिला इतकी वर्षं जाण्याचं काही वाटलं नव्हतं. त्या 'बरं'चा राग मात्र अजून गेला नव्हता.

पाना तिनं का ढकलला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पट्टी सैल राहिली तर गाडी खडखडते, एवढंच कारण असेल.

बॉनेट

दाजी जीपखालून मागे सरकत, गाळ्याच्या मागच्या बाजूनं बाहेर निघून, हात पुसत, जणू कुठून तरी आले तसे आले. कपाळावर तेलाचा टिळा. 

बॉनेट थोरल्याच्या गाडीच्या टपावर, फुलाफुलांच्या टेबलक्लॉथमध्ये बांधलेलं होतं.

"कापड राहू द्या," थोरला म्हणाला. "पॉलिश केलंय. बसवून झालं की काढू."

"कापडासकट बसणार कसं?" दाजी म्हणाले.

"बसेल. हळूहळू बसवा."

"दादा, बिजागऱ्या आहेत, कापड अडकेल," धाकटा म्हणाला.

"अरे राहू द्या म्हणतो ना!"

वहिनी दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. दाजींनी आणि धाकट्यानं बॉनेट दोन्ही बाजूंनी धरलं. दाजींनी आधाराला एक हात मध्ये सरकवला, आणि त्यांचं बोट कापडासकट आत गेलं. मग दुसरं बोट. मग सगळी मूठ.

ते थांबले. धाकट्यानं कापड ओढलं.

बॉनेटच्या मधोमध भोक होतं. मूठ जाईल एवढं, गोल, कंपासनं काढल्यासारखं.

"हे कशानं झालं?" आईनं विचारलं.

"छत्रीनं," वहिनी म्हणाली. तिला आता आवरेना. "बागेत टेबल केलं होतं ना त्याचं. टेबलाला ऊन लागतं म्हणून छत्री. छत्रीला दांडा. दांड्याला भोक."

"बाबांच्या गाडीला?" धाकटा ओरडला. "दादा! जन्मभर लोकांची भोकं बुजवलीस आणि घरच्या बॉनेटला पाडलंस?"

"तेव्हा ते बॉनेट नव्हतं," थोरला म्हणाला. "तेव्हा ते टेबल होतं."

"आणि आम्हाला सांगतोस बाबांची गाडी, बाबांची गाडी."

"कड तरी बघ ना! एक कंगोरा दाखव. हातानं केलंय, माझ्या हातानं. दहा माणसं बोलावली असती तरी एवढं स्वच्छ झालं नसतं."

सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजींनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. सावकाश, पूर्ण वळसा.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले.

ते मनापासून म्हणाले होते, म्हणून तर जास्तच झालं. आई हसायला लागली, धाकटा टेम्पोला टेकून खाली बसला, मधलीनं तोंडावर गोणपाट धरलं. थोरला तेवढा उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल करून.

"नवं आणू," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक आहे ओळखीचा. मी आणतो, माझ्या खर्चानं."

"नको. हेच बसवू."

"अहो, पाऊस आला तर इंजिनात पाणी जाईल."

"झाकण करता येईल. नवं बॉनेट बसेल, पण ते कुणाचं असेल?"

 थोरल्यानं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बिजागरीचा बोल्ट हातात धरून उभा राहिला. दातांच्या डॉक्टरला अरुंद जागेत बोटं घालायची सवय असते. जिथं दाजींचा हात जात नव्हता तिथं त्याचा गेला. काम करताना दोघं एकमेकांशी नीट बोलले. थोडं वर. आणखी. धरा. सोडा. आता बसलं.

सुरू

पहिल्या वेळी खोकली. दुसऱ्या वेळी नुसता श्वास टाकला. तिसऱ्या वेळी सगळा गाळा निळ्या धुरानं भरला, भिंतीवरच्या पाट्यांची बटणं थरथरली, आणि जीप सुरू झाली. बॉनेटच्या भोकातून गरम हवा वर आली. तिच्यात थोरल्यानं हात धरून बघितला, जणू तेवढ्यासाठीच भोक पाडलं होतं. धाकट्यानं हॉर्न वाजवला, सवयीनं मागे वळला आणि कुणीच पिशवी घेऊन येत नाही हे पाहून जरा हिरमुसला.

आई एव्हाना आपल्या सीटवर जाऊन बसली होती. सीट जागच्या जागी, आई सीटवर आपल्या जागी.

"आवाज तोच आहे," ती म्हणाली. एवढंच.

दाजी दाराशी उभे राहून ऐकत होते. आता हे सगळे गेले असते तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटलं, आणि कुणी जाऊ नये असंही वाटलं.

"चला तर मग," थोरला ड्रायव्हरच्या जागेवर चढला. "मी घेऊन जातो घरी. आई, तू बस तशीच."

त्यानं क्लच दाबून गिअरचा दांडा पुढे ढकलला. आतून कुणी दगडाची डाळ भरडतंय असा आवाज आला. पुन्हा ढकलला. पुन्हा भरडलं.

"बटणाच्या गाड्यांची सवय," धाकटा म्हणाला. "दादा, हिला दोनदा क्लच दाबावा लागतो."

"मला माहितेय!" खर्रर्र.

दात आपलाच उपटला जातोय असं दाजींचं तोंड झालं. त्यांनी हात आत घातला, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

किल्ली

"नाही," दाजी म्हणाले.

"काय नाही?"

"गाडी देणार नाही."

थोरला हसला, मग त्याला कळलं की दुसरं कुणीच हसत नाहीये. "अहो, फोनवर बोललो होतो मी तुमच्याशी."

"तुम्ही बोललात. मी हो म्हटलं नाही. मघाशी मी खाली होतो, दादा. जीपखाली. सगळं ऐकलं."

धाकट्यानं वर छपराकडे पाहिलं. वहिनीनं पदराचं टोक सारखं केलं.

"गाडी येत नाही मला, ते खरंच आहे. शिकेन. आणि मी तुमचा कोण, ते तुम्ही ठरवा; ते माझ्या हातात नाही. पण जीप माझ्या हातची आहे. हिच्यातला एकेक बोल्ट मला ओळखतो. ही इथंच राहील. तुमच्या दारात नाही, कुणाच्याच दारात नाही."

एवढं सलग दाजींना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही धाप लागली. मुठीतली किल्ली तळहातात रुतत होती.

"असं?" थोरला खाली उतरला. "मग माझं बॉनेट काढून द्या. आत्ताच्या आत्ता."

"देतो," दाजी म्हणाले. आवाज बारीक झाला, पण मूठ सुटली नाही. "पाना आणतो. बॉनेट तुमचंच आहे. गाडी बिनबॉनेटची राहील."

ते खरंच पाना आणायला वळले. पहिल्यांदा वहिनी बोलली.

"नेऊन करणार काय त्याचं?"

"टेबल होतं, टेबल होईल."

"पाय सकाळी तुम्हीच ग्राइंडरनं कापलेत. आता बिनपायाचं, भोकाचं टेबल. भिंतीवर टांगू? पाहुण्यांना म्हणू, यातून चंद्र बघा?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"माझ्या गाडीच्या सावलीच्या बाजूनं."

"दादा, माझा हॉर्न राहतोय इथं," धाकटा म्हणाला. तो हळूहळू चालत दाजींच्या अंगाला येऊन उभा राहिला होता. मघाशी याच तोंडानं 'तेही आहेच म्हणा' असं म्हणालो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"काचही," मधली म्हणाली.

"मला विचारूच नका," आई आतून म्हणाली. "मी उतरणार नाही. मला आधी एक चक्कर मारून आणा, मग भांडा निवांत."

थोरला सगळ्यांकडे एकेक करून बघत गेला. राग होता, पण त्या रागाला टेकायला जागा राहिली नव्हती. शेवटी तो जीपच्या पुढच्या मडगार्डवर बसला, कोट मांडीवर घेऊन.

"बाबा मला कधी पुढे बसवायचे नाहीत," तो म्हणाला. "पुढे आई. मी मागे. मोजणीच्या साखळ्या आणि खुंट्या मांडीवर. पुढचं काही दिसायचं नाही, नुसत्या दोघांच्या पाठी. मला वाटलं, दारात उभी राहील. सकाळी चहा घेऊन पुढे जाऊन बसेन. चालवायची कुणाला होती?"

 दाजी पाना घेऊन परत आले होते. 

"मग रविवारी येत जा," ते म्हणाले. "चहा इथंही होतो."

"आणि किल्ली?"

"किल्ली माझ्याकडे."

"नुसतं बसायला किल्ली कशाला लागते, दादा?" धाकटा म्हणाला.

थोरल्यानं कोट झटकला, उठला, आणि बॉनेटवर तळहात ठेवून जोरात दाबून पाहिलं. "या बाजूची बिजागरी अजून एक आटा घेईल," तो म्हणाला. दाजींनी पाना त्याच्या हातात दिला.

क्लच

"बसा," मधली म्हणाली.

"मी?"

"गाडी कुणाची आहे? मग बसा."

बाबांनी गाडी शिकवली ती एकट्या मधलीला. थोरला तेव्हा डॉक्टरकीच्या अभ्यासात, धाकटा शाळेत. तिनं आईला सीटवरून उठवायचा विचारही केला नाही. ती मागे चाकाच्या उंचवट्यावर बसली आणि दोघांच्या मधून डोकं पुढे घातलं.

"क्लच दाबा. दांडा मध्ये आणा. क्लच सोडा. पुन्हा दाबा. आता पुढे. या गाडीला एकदा सांगून कळत नाही, दोनदा सांगावं लागतं. काही माणसं असतात तशी."

"कळलं."

"कळलं नाही. कळलं असतं तर बंद पडली नसती."

बंद पडली. पुन्हा सुरू झाली. जीप उडी मारून गाळ्याबाहेर आली आणि आईनं "हां!" असा आवाज केला, भीतीचा की मजेचा ते कळलं नाही. थोरला दोन्ही हात पसरून पुढे चालायला लागला, मोठं जहाज बंदरातून काढतोय तसा. धाकटा एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. सगळं कुटुंब जीपच्या वेगानं, म्हणजे रमतगमत, रस्त्याला लागलं.

"एवढी हळू?" आईनं विचारलं.

"पहिला गिअर आहे, आई."

"मग दुसरा नाही का?"

"आहे. अजून माझी त्याची ओळख नाही."

कोपऱ्यावर एक स्कूटरवाला पाय टेकवून थांबला. तो बराच वेळ बघत राहिला. मग पुढे चालणाऱ्या थोरल्याला त्यानं विचारलं, "साहेब, छान गाडी आहे. कुणाची? विकायचीय का?"

थोरल्यानं चालता चालताच हात हलवला. "आमच्या दाजींची," तो म्हणाला. आवाजात तक्रार होती, आणि तक्रारीच्या आत आणखी काहीतरी, थोडं फुशारकीसारखं. "विचारून बघा त्यांना. पण काही उपयोग नाही. मला दिली नाही, तुम्हाला काय देतात!"

दाजींनी ते ऐकलं. त्यांची मान आपोआप त्या बाजूला वळली, डोळ्यांसमोरचा रस्ता हलला.

"अरे समोर बघ!" मधली त्यांच्या कानात ओरडली. "समोर बघ, आणि क्लच दाब. सोड. पुन्हा दाब."

दाजींनी समोर पाहिलं, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आणि दुसरा गिअर, जराही कुरकुर न करता, पडला.